शमूची जागा

माझ्या आईचा पुनरुत्थानावर विश्वास होता आणि तो सकाळी दूधवाला येणारच यावर आपला असतो, त्या जातीचा होता. त्याबद्दल ती फारसं बोलायची नाही, ते धरून वागायची. रविवारच्या उपासनेत आम्ही सगळेच उभे राहून मेलेले उठतील असं म्हणत असू आणि घरी येऊन विसरून जात असू. आई विसरायची नाही. शेजारच्या क्वार्टरमधल्या रोझाबाईंशी तिचं महिन्यातून दोनदा तरी वाजायचं, कारण रोझाबाई शेगडीची राख आमच्या ओट्याकडे लोटून द्यायच्या. आई त्यांना तोंड भरून बोलायची आणि दिवे लागायच्या आत पुन्हा त्यांच्या दारात जाऊन मिटवून यायची. अप्पा म्हणायचे, "चूक तिची, तू कशाला गेलीस?" त्यावर आईचं उत्तर ठरलेलं होतं. "एकाच कबरस्तानात जायचंय दोघींना. त्या दिवशी शेजारीशेजारी उठायचं आनि तोंड फिरवून हुभं ऱ्हायचं का?" हे ती विनोदाने म्हणत नसे. रोझाबाई उठताना कशा दिसतील, हेही तिने मनाशी ठरवलेलं असावं असं मला वाटायचं.

आम्ही लोणावळा स्टेशनच्या मागे रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. अप्पा पॉइंट्समन होते, गाड्यांसाठी रुळांचे सांधे बदलायचे. घाट चढून आलेल्या गाड्यांना मागून रेटणारी इंजिनं लोणावळ्यात सुटी व्हायची, त्यांच्या शिट्ट्या आणि बफर आदळल्याचे आवाज दिवसभर चालू असत, आणि घरातलं बोलणं त्या आवाजांच्या फटीफटीतून व्हायचं. आजही मी वाक्य अर्धवट टाकून थांबते, कारण नसताना. लोणावळ्याचा पावसाळा आता शनिवार-रविवारी येणाऱ्यांना धबधब्यापुरता माहीत आहे. आम्हाला तो कपड्यांच्या वासाने माहीत होता. पेटत्या शेगडीवर वेताचं मोठं टोपलं पालथं घालायचं आणि त्यावर ओले कपडे पसरायचे, त्यामुळे वर्गातल्या सगळ्या मुलांच्या अंगाला कोळशाचा वास यायचा. चपलांवर बुरशी, बायबलच्या पुठ्ठ्यावर बुरशी, भिंतीवर हात टेकला तर हात ओला. जेवायला आंबेमोहोराचा भात आणि सुकटीचं कालवण. माझा धाकटा भाऊ शमू, म्हणजे शमुवेल, त्या टोपल्याशेजारी बसून राहायचा आणि एखादा कपडा गरम झाला की ओढून गालाला लावायचा. तो चार वर्षांचा होता, मी दहा वर्षांची.

त्या जुलैत आई आणि शमू दोघेही तापाने पडले. आई भ्रमात बोलू लागली तेव्हा तिला तळेगावला दवाखान्यात नेलं. शमूचा ताप उतरत चाललाय असं वाटत होतं, म्हणून अप्पांनी त्याला घरी ठेवून घेतलं. रोझाबाई येऊन त्याला पेज पाजत होत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. अप्पा ड्यूटीवर होते, त्यांना यार्डातून बोलावून आणावं लागलं. ते आले, शमूच्या पायाला हात लावून बसले, आणि पुढे आयुष्यभर ते एका विचारातून बाहेर आले नाहीत, की त्यालाही तळेगावला न्यायला हवं होतं.

दफन त्याच संध्याकाळी झालं, कारण त्या पावसात थांबणं शक्य नव्हतं. दफनभूमीतल्या मागच्या भिंतीलगत, जांभळाच्या झाडाखाली, लहान मुलांचा कोपरा होता. कबर खणणारे धोंडीआबा मूळ वडिवळ्याचे, तिकडे त्यांची भाताची शेती होती. लावणी अर्धी टाकून ते आले होते आणि त्यांच्या पोटऱ्यांवर शेतातला चिखल तसाच होता. ते खड्ड्यात साचलेलं पाणी पत्र्याच्या डब्याने उपसत होते. पाळकसाहेब वाचत होते, पण छत्र्यांवर पाऊस इतका वाजत होता की मला एक शब्द ऐकू आला नाही. मी अप्पांच्या रेनकोटच्या मागे उभी होते. पेटी खाली सोडायला घेतली तसे मी डोळे घट्ट मिटले आणि मनात पाढे म्हणत राहिले. डोळे उघडले तेव्हा अप्पा मला हाताला धरून फाटकाकडे निघाले होते. मी मागे वळून पाहिलं नाही. एवढंच माझं पाप आहे आणि ते दहा वर्षांच्या मुलीचं आहे, हे मला आता कळतं. कळून फार उपयोग होत नाही.

आईला आठ दिवसांनी सांगितलं. ती घरी आली तेव्हा भिंत धरून चालत होती आणि तिचे केस गळून गेले होते. पावसाळा संपेपर्यंत ती दफनभूमीत जाऊ शकली नाही. अप्पा तर जाणारच नव्हते. त्यांनी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, जाणंही सोडलं. पाळकसाहेब घरी आले तेव्हा अप्पा त्यांना म्हणाले, "साहेब, मी रुळावरनं माणसं उचललीत. गोणीत भरून उचललीत. ती कशी उठनार, ते मला सांगू नका." पाळकसाहेबांनी चहा घेतला आणि ते गेले. त्यामुळे दिवाळीच्या सुमाराला आई बरी झाली तेव्हा तिला शमूकडे न्यायला मीच उरले.

आम्ही फाटकातून आत गेलो आणि मला काहीच ओळखू येईना. गवत माझ्या कमरेइतकं झालं होतं. अप्पांनी खोक्याच्या फळ्यांचा क्रूस करून त्यावर डांबराने नाव लिहिलं होतं, तो कुठेच नव्हता. वाहून गेला असेल, नाहीतर कुणी सरपणाला नेला असेल. जांभळाखाली खचलेले, नाव नसलेले दोन-तीन उंचवटे होते. त्याच आठवड्यात तिथे आणखी एक मूल पुरलं होतं, घाटात रुळांच्या कामावर आलेल्या गँगमधल्या एका तेलुगू ख्रिस्ती मजुराचं. काम पुढे सरकलं तशी ती माणसंही निघून गेली होती.  आईने माझ्या खांद्याला धरलं होतं आणि तिचा सगळा भार माझ्यावर होता.

"कुटं ठिवलंय गं त्याला?" ती म्हणाली. "तू हुतीस ना?"

मी बोट दाखवलं. जो उंचवटा त्यातल्या त्यात नीट दिसत होता, तो दाखवला.

"नक्की?"

"व्हय," मी म्हणाले. आई खाली बसली आणि तिने त्या मातीवर दोन्ही हात ठेवले.

पुढची सहा वर्षं दर रविवारी उपासनेनंतर ती तिथे जाऊन बसायची आणि शमूला आठवड्याच्या गोष्टी सांगायची. रोझाबाईंच्या मुलीचं लग्न ठरलं, भाजी महागली, अप्पांचा खोकला वाढला. "होता" हा शब्द त्याच्याबाबतीत आईला चालत नसे. त्याच्या वाढदिवसाला शेवयांची खीर व्हायची आणि ती आसपासच्या क्वार्टरमधल्या पोरांना वाटली जायची. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात आम्ही जुन्या डब्यात चुना भिजवायचो, काथ्याचा कुंचला घ्यायचो आणि कबरीला चुना द्यायचो. रविवारी पहाटे सगळी मंडळी मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत जमायची, तेव्हा आईला तिच्या मुलाची जागा सगळ्यांत पांढरी हवी असायची. तिला खरोखर वाटायचं की एखाद्या ईस्टरला ते होईल, आणि तेव्हा शमूने डोळे उघडले की त्याला आधी आई दिसली पाहिजे.

मी मात्र त्या सहा वर्षांत पुनरुत्थानाला घाबरायला शिकले. बाकीच्यांना ती आशेची गोष्ट होती, मला ती शाळेत तपासणीला येणाऱ्या साहेबासारखी होती. तो दिवस उजाडला की शमू भलत्याच ठिकाणाहून उठणार, आई इकडे बघत असणार, आणि सगळ्या मंडळीसमोर माझं खोटं उघडं पडणार. आपण दाखवलेली जागा बरोबर असेल, असंही मी स्वतःला सांगायचे. अप्पांना विचारलं असतं तर एका वाक्यात निकाल लागला असता. पण अप्पांसमोर शमूचं नाव काढायचं नाही हे घरात कुणी न सांगता ठरलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला निकाल नकोच होता. "प्रभू उठला आहे" असं पाळकसाहेब पहाटे म्हणायचे, "खरोखर उठला आहे" असं सगळे म्हणायचे, आणि मी ओठ हलवायचे.

मी सोळा वर्षांची असताना झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या, आदल्या दिवशी एकटीच गवत कापायला आणि चुन्याचा पहिला हात द्यायला गेले होते. आईचे गुडघे दुखायला लागले होते. मधली वर्षं धोंडीआबा वडिवळ्याला होते आणि दफनभूमीचं काम दुसराच कुणी बघत होता. त्या वर्षी ते परत आले होते. मी काम करत असताना ते काठी टेकत आले आणि बराच वेळ बघत उभे राहिले.

"कुनाचं पोर हे?" त्यांनी विचारलं.

"माझा भाऊ. शमू. तुम्हीच खणली होती, आबा."

 काठीने त्यांनी माझ्या मागे दाखवलं. "ती बादली जरा बाजूला ठिव, पोरी. तुजा भाऊ तितं हाय."

मागे सपाट जमीन होती. आम्ही दरवर्षी तिथे चुन्याची बादली ठेवायचो, चपला काढायचो. आई दमली की तिथेच पाय पसरून बसायची. मी म्हणाले, तुमची काहीतरी चूक होतेय. ते म्हणाले, "माजी कशी चूक हुईल? हितं खाली कातळ लागला. पहार चालंना. मंग तुज्या बापाला इचारून वाकडी घेतली, झाडाच्या अंगानं. तू ज्याला चुना देतीस ते गँगवाल्याचं पोर. ते मीच दोन दिस आदी पुरलंय." त्यांनी काठीने जमिनीवर तिरकी रेघ ओढली, एका मुलाच्या लांबीची. मग माझ्याकडे पाहून त्यांना काहीतरी कळलं असावं, कारण ते म्हणाले, "आईला सांगू नगंस. काय फरक पडतोय आता?"

सहा दिवस मी सांगितलं नाही. उत्तम शुक्रवारी तीन तासांची उपासना झाली, घरी येऊन आईने उपास सोडायला पेज केली आणि मला वाढायला बसली. तिने विचारलं, "शमूचं झालं का चांगलं पांढरं?" तेव्हा मी सांगितलं. सगळं सांगितलं, डोळे मिटले होते तेही. आईने पळी पातेल्यात ठेवली. ती रडेल असं मला वाटलं होतं, मारेल असंही वाटलं होतं. ती म्हणाली, "सा वर्सं मी परक्याच्या लेकराशी बोलत हुते."

"आई, देवाला माहीत आहे तो कुठं आहे ते," मी म्हणाले. देवळात असंच बोलतात, तेच माझ्या तोंडी आलं.

"देवाला ठावं आसून काय करू? मला नव्हतं ठावं. माज्या पोराच्या अंगावर बसून मी चहा पीत हुते."

अप्पा दारात उभे होते. ते कधी आले कळलंच नव्हतं. आई त्यांच्याकडे वळली. "तुमी हुता तितं. तुमाला ठावं हुतं."

"कातळ लागला होता," अप्पा म्हणाले. "झाडाकडं वळवली."

"मंग सांगितलं का न्हाई?"

"मला कुणी विचारलं?" ते म्हणाले. ते खरंच होतं आणि त्यामुळे आणखी वाईट होतं. त्या घरात आम्ही तिघं एकाच माणसासाठी सहा वर्षं झुरत होतो आणि एकमेकांना एक प्रश्न विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी बूट घातले आणि पुढे चालू लागले. आई त्यांच्या मागे, आणि चुना घेऊन मी दोघांच्या मागे. फाटकाशी ते क्षणभर थांबले, मग आत शिरले आणि सरळ झाडाकडे गेले. धोंडीआबांची रेघ अजून पुसट दिसत होती, अप्पांनी ती न पाहताच बरोबर तिच्या टोकाशी उभं राहून सांगितलं, "डोकं इकडं." मग ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांची पाठ हलत होती. आई बसली नाही. तिने खाली वाकून जमीन हाताने झाडली, आमच्या पायांनी घट्ट झालेली जमीन, आणि दगड गोळा करून कडेने लावायला लागली. मी मदतीला वाकले तर तिने माझ्या हातातला दगड काढून घेतला. सगळे दगड लावून झाल्यावर ती अप्पांना म्हणाली, मला नाही, "तिला म्हनावं त्या दुसऱ्याला बी चुना दे. सा वर्सं त्यानं माजं सगळं ऐकलंय. आता येकदम सोडलं तर त्याला काय वाटंल?"

त्या ईस्टरच्या पहाटे पाळकसाहेब म्हणाले, प्रभू उठला आहे. सगळ्यांनी उत्तर दिलं. आई दोन कबरींच्या मधे मेणबत्ती धरून उभी होती आणि तिचं तोंड मिटलेलं होतं. घरी आल्यावर तिने मटणाचा रस्सा केला, माझ्या ताटात वाढला, पण माझ्याशी बोलली नाही. जी बाई रोझाबाईंशी झालेलं भांडण दिवे लागायच्या आत मिटवायची, ती माझ्याशी अकरा दिवस बोलली नाही. रोझाबाईच मधे पडायला आल्या, तर त्यांना म्हणाली, "तुमचं राखेवरनं हुतं." बाराव्या दिवशी ती म्हणाली, "दूध उतू चाललंय, बघ," आणि घर पुन्हा चालू झालं. पण त्यानंतर माझ्या कुठल्याही सांगण्यावर ती विचारायची, "नक्की?" गॅस बंद केला, नक्की? पत्र टाकलं, नक्की? पुढे मी शिक्षिका झाले, लग्न झालं, मुलगी झाली, तरी ते सुटलं नाही. त्यात राग नसायचा. एकदा जिथून पाय घसरला तिथे माणूस पुढे जन्मभर जपून पाय टाकतो, तसं ते होतं. मी दर वेळी "नक्की" म्हणायचे आणि दर वेळी मला जांभळाखालचं ते गवत दिसायचं. आईला दिसत नसेल असं मी समजून चालत आले, पण ते खरं नसावं.

अप्पा गेले तेव्हा त्यांना फाटकाजवळच्या रांगेत ठेवलं. शमूजवळ मोठ्या माणसाची कबर होणं शक्यच नव्हतं, खाली कातळ. आई शेवटची चार वर्षं माझ्याकडे तळेगावात होती, सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर. तिथून लोकल जाताना दिसायची आणि ती तिच्याकडे बघत बसायची. एका दुपारी मी तिच्या केसांना तेल लावत होते, तेव्हा ती सहज, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशी म्हणाली, "उठल्यावर मी आदी शमूकडं जानार. त्यानं लय वाट बघितलीया. जाताना त्या दुसऱ्याला बी घिऊन जाईन, त्याचं कोन आसंल नसंल. मंग तुज्याकडं यीन. तू कुटं आसशील?"

"तुझ्याजवळच, आई. फाटकाजवळ. अप्पांच्या पलीकडे."

मी थांबले. तेलाची वाटी हातात होती. ती आता "नक्की?" विचारेल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. तिने विचारलं नाही. मान हलवली आणि डोळे मिटले. त्या हिवाळ्यात ती गेली, आणि तिला अप्पांशेजारी ठेवताना मी डोळे उघडे ठेवले, शेवटच्या मातीपर्यंत.

आता माझी मुलगी मागे लागली आहे. लोणावळ्याची दफनभूमी भरून गेली आहे, नवी जागा मिळत नाही, घरच्यांशेजारची उरलेली जागा हवी तर अर्ज करा, सह्या आणा, आणि सुट्टीच्या दिवशी असं काही झालं तर पर्यटकांच्या गाड्यांतून शववाहिका पोचायलाच तीन तास. तिचं म्हणणं, पुण्याच्या बाजूला चर्चच्या मंडळीने नवीन जमीन घेतलीय, तिथे आत्ताच नाव देऊन ठेवू. "मम्मी, तुझा या गोष्टींवर कुठे एवढा विश्वास आहे?" ती म्हणते. तिचं खरं आहे. आईइतका विश्वास मला कधी जमला नाही, आणि अप्पांसारखा तो टाकूनही देता आला नाही. पण मी अर्ज केला आहे, सह्या आणल्या आहेत, आणि मुलीला फाटकाजवळ नेऊन अप्पांच्या पलीकडची जागा पायाने मापून दाखवली आहे. आईला मी एकदा चुकीची जागा सांगितली. दुसऱ्यांदा सांगणार नाही.